राजदरबारातील पेस्टल व्यक्तिचित्र : पंधराव्या लुईची दोन चित्रे

युरोपीय चित्रकलेच्या इतिहासात पेस्टल या माध्यमाला बहुधा दुय्यम स्थान दिले जाते. अठराव्या शतकातील फ्रेंच अभिरुचीचा एक नाजूक आविष्कार, सरदारस्त्रियांच्या दालनांची शोभा, तैलरंगासारखी गंभीर कामगिरी ज्याच्याकडून अपेक्षिता येत नाही असे हलके साधन, अशा स्वरूपाचे त्याचे वर्णन वारंवार वाचावयास मिळते. या वर्णनात तथ्यांश नाही असे नाही. तथापि एका प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. ज्या फ्रेंच राजसत्तेने संगमरवर, कांस्य आणि भव्य तैलचित्रे यांतून आपली प्रतिमा घडविली, तिने आपल्या राजाचा चेहरा बोटाच्या स्पर्शाने पुसला जाणाऱ्या भुकटीवर का सोपविला? ही केवळ रुचिपालटाची गोष्ट होती, की या माध्यमाच्या अंगी असे काही सामर्थ्य होते की जे तैलरंगात सहज मिळत नव्हते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एकाच राजाची दोन पेस्टल चित्रे सोयीची आहेत. पहिले व्हेनिसची चित्रकर्ती रोझाल्बा कारिएरा हिने १७२०-२१ मध्ये काढलेले बालवयातील पंधराव्या लुईचे चित्र असून ते आज ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहालयात आहे. दुसरे मोरिस कांतँ द ला तूर याने १७४८ साली काढलेले त्याच राजाचे चित्र होय. ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. या दोन चित्रांच्या तुलनेवरून असे दिसते की, दरबारी पेस्टल चित्राचा खरा विषय राजपद नव्हे, तर राजाचा जिवंत देह हा होता. आणि तो देह जिवंत असल्याची ग्वाही देणे ही त्या काळी राजकारणातील एक निकडीची गरज होती.

१. माध्यमाचे स्वरूप

पेस्टल म्हणजे बारीक कुटलेले रंगद्रव्य, त्यात मिसळलेली खडूसारखी किंवा चिकणमातीसारखी पांढरी पूड आणि या दोहोंना जेमतेम धरून ठेवील इतके पातळ डिंकाचे पाणी, यांच्या मिश्रणाच्या वळून वाळविलेल्या कांड्या. डिंक अधिक झाला तर कांडी कठीण होऊन कागदावर रंग सोडत नाही; कमी झाला तर ती हातातच भुगा होते. प्रत्येक रंगद्रव्याची डिंकाची गरज वेगळी असल्यामुळे एकसारख्या मऊ कांड्यांचा संच तयार करणे हे मोठ्या कसबाचे काम होते. रंगपट्टिकेवर दोन रंग कालवून तिसरा साधण्याची तैलचित्रकाराची सोय येथे नाही. म्हणून चेहऱ्याच्या एका गालासाठीसुद्धा परस्परांजवळच्या अनेक छटांच्या कांड्या हाताशी ठेवाव्या लागतात.

चित्र बहुधा निळसर कागदावर काढले जाई. हा कागद कापडावर चिकटवून लाकडी चौकटीवर ताणीत असत. निळा कागद निवडण्यात केवळ सवय नव्हती. मानवी त्वचेच्या छायेत, कानशिलाजवळ आणि हनुवटीखाली, जी किंचित निळसर-करडी झाक दिसते ती कागदाच्या रंगातूनच अर्धी सिद्ध होते. त्यावर प्रथम रंगाचे मोठे भाग घासून बोटाने अथवा कागदाच्या गुंडाळीने मिसळीत, आणि अखेरीस न पुसलेल्या, टवटवीत रेघांनी डोळ्यांतील चमक, ओठांची कड, लेसची जाळी साधीत.

या पृष्ठभागाचे वैशिष्ट्य त्याच्या भौतिक रचनेत आहे. तैलचित्रात रंगाचे कण तेलाच्या पारदर्शक थरात बुडालेले असतात. त्यामुळे रंगाला खोली येते, पण पृष्ठभाग चकाकतो, आणि वरचे रोगण कालांतराने पिवळे पडते. पेस्टलमध्ये रंगकण सुटे आणि उघडे असतात. त्यांवर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. चकाकी न येता एक मऊ, मखमली तेज दिसते. निरोगी त्वचेवर जी लव आणि जी कांती असते, तिच्याशी या तेजाचे विलक्षण साम्य आहे. शिवाय ज्या दरबारात स्त्रीपुरुष केसांना पांढरी पूड लावीत आणि गाल लालीने रंगवीत, त्या दरबारातील चेहरा स्वतःच भुकटीने सजविलेला होता. भुकटीनेच भुकटीचे चित्र काढले जात होते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

याला एका व्यावहारिक सोयीची जोड मिळाली. तेलरंग वाळण्यासाठी दिवसच्या दिवस थांबावे लागते. पेस्टलला वाळणे नाही आणि तेलाचा वासही नाही. काम कोणत्याही क्षणी थांबविता येते आणि पुन्हा तेथूनच सुरू करता येते. ज्याचा वेळ दरबारी शिष्टाचाराच्या घड्याळाने बांधलेला असे, अशा राजासमोर बसून काम करणाऱ्या चित्रकाराला ही सोय लहान नव्हती.

२. १७२० : बालराजाचा चेहरा

रोझाल्बा कारिएरा हिने आरंभी हस्तिदंतावर सूक्ष्मचित्रे काढून नाव मिळविले. १७०५ मध्ये रोमच्या संत ल्यूक अकादमीने तिला सदस्यत्व दिले. पुढे पेस्टल व्यक्तिचित्रांसाठी तिची कीर्ती युरोपभर पसरली. व्हेनिसला येणारे जर्मन राजपुत्र आणि इंग्रज उमराव तिच्याकडून आपली चित्रे काढवून घेत. सॅक्सनीचा युवराज फ्रीडरिश ऑगस्ट, म्हणजे पुढे पोलंडचा राजा झालेला तिसरा ऑगस्ट, हा तिचा सर्वांत मोठा आश्रयदाता. त्याने जमविलेल्या तिच्या पेस्टल चित्रांची संख्या शंभराच्या वर गेली, आणि ड्रेस्डेनच्या राजसंग्रहात त्यांच्यासाठी एक स्वतंत्र दालन राखण्यात आले.

१७२० च्या वसंत ऋतूत पॅरिसचा धनाढ्य संग्राहक पिएर क्रोझा याच्या निमंत्रणावरून ती पॅरिसला आली आणि सुमारे वर्षभर तेथे राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या राजकीय चित्रकला अकादमीने तिला आपल्यात सामावून घेतले. या मुक्कामात तिने बालराजाचे चित्र काढले. अनेक सूचींमध्ये हे चित्र ‘युवराज लुई’ या नावाने नोंदलेले आढळते, ते बरोबर नाही. चौदावा लुई १ सप्टेंबर १७१५ रोजी निवर्तला आणि त्या क्षणापासून त्याचा पाच वर्षांचा पणतू राजा झाला. कारिएरासमोर बसलेला दहा वर्षांचा मुलगा युवराज नसून फ्रान्सचा अभिषेक न झालेला राजा होता. तो अज्ञान असल्यामुळे कारभार ऑर्लेआँचा ड्यूक फिलीप राजप्रतिनिधी म्हणून पाहत होता. शीर्षकातील ही चूक किरकोळ वाटते. परंतु तिच्यामुळे चित्राचा सारा अर्थ बदलतो.

तो अर्थ समजण्यासाठी १७११-१२ या वर्षांकडे वळावे लागते. एप्रिल १७११ मध्ये चौदाव्या लुईचा पुत्र देवीच्या रोगाने मरण पावला. फेब्रुवारी १७१२ मध्ये त्याचा नातू व नातसून सहा दिवसांच्या अंतराने गेली; मार्चमध्ये त्यांचा थोरला मुलगा गेला. एका वर्षाच्या आत तीन युवराज नाहीसे झाले. उरला तो दोन वर्षांचा लुई. त्याच्या शुश्रूषेचा भार वाहणाऱ्या मादाम द व्हांतादूर हिने वैद्यांना रक्तस्राव करू दिला नाही म्हणून तो वाचला, असे मानले जाते. एवढ्या मोठ्या राजवंशाची थेट शाखा एका मुलाच्या श्वासावर टिकून होती. तो गेला असता राज्याचा वारस कोण, स्पेनच्या गादीवर बसलेला चुलता की राजप्रतिनिधी ड्यूक, या प्रश्नातून युद्धही उद्भवले असते. १७२१ च्या उन्हाळ्यात हा मुलगा काही दिवस आजारी पडला तेव्हा पॅरिसमध्ये घबराट उडाली, आणि तो बरा होताच शहरभर उत्सव झाले.

या पार्श्वभूमीवर कारिएराचे चित्र पाहिले पाहिजे. ते सुमारे ५० सेंटीमीटर उंचीचे, छातीपर्यंतचे चित्र आहे. मुकुट, राजदंड, सिंहासन, स्तंभ, पडदे यांपैकी त्यात काहीही नाही. गळ्याशी लेस, अंगावर भरजरी कोट आणि छातीवरून आडवा गेलेला ‘पवित्र आत्मा’ या राजकीय सरदारमंडळाचा निळा पट्टा, एवढीच राजत्वाची खूण. बाकी सर्व भार चेहऱ्यावर आहे: टवटवीत गाल, ओलसर ओठ, पाहणाऱ्याकडे सरळ रोखलेले डोळे. यासँत रिगो याने १७०१ मध्ये काढलेले चौदाव्या लुईचे प्रसिद्ध तैलचित्र यांच्या शेजारी ठेवून पाहिल्यास दोहोंतील अंतर तत्काळ ध्यानात येते. सुमारे पावणेतीन मीटर उंचीच्या त्या चित्रात राजा आपल्या झग्याने, मुद्रांनी आणि पवित्र्याने राजा आहे. चेहरा त्रेसष्ट वर्षांच्या वृद्धाचा असला तरी त्यामुळे राजत्वाला बाध येत नाही, कारण चित्राचा विषय पद हा आहे.

एर्न्स्ट कांटोरोविच याने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मध्ययुगीन राजनीतिविचारातील ‘राजाचे दोन देह’ या कल्पनेचे विवेचन केले आहे. राजाचा एक देह नैसर्गिक आणि मर्त्य असतो, दुसरा राजकीय आणि अमर. ही कल्पना मुख्यतः इंग्रज विधिज्ञांच्या लेखनातून मांडली गेली असल्याने ती फ्रेंच चित्रांना जशीच्या तशी लावणे योग्य नव्हे. तरीही तुलनेचे साधन म्हणून ती उपयोगी पडते. रिगोच्या चित्रात अमर देहाचे दर्शन घडते. १७२० मध्ये मात्र शंका अमर देहाविषयी नव्हतीच. चिंता होती ती मर्त्य देहाची. मुलगा जगेल काय, हा प्रश्न होता. त्याला उत्तर झग्याने देता येत नव्हते; ते गालावरच्या लालीनेच द्यावे लागत होते. पेस्टलइतकी ती लाली खरी दाखविणारे दुसरे साधन चित्रकाराजवळ नव्हते.

कारिएराने पॅरिसमध्ये लिहिलेली दैनंदिनी उपलब्ध आहे. राजा चित्रासाठी बसला असताना त्याच्यावर कोसळलेल्या तीन लहान संकटांची नोंद तिने केली आहे: त्याची बंदूक पडली, त्याचा पोपट मेला आणि त्याचे लहान कुत्रे आजारी झाले. नोंद कोरडी आहे. तीत थट्टाही नाही आणि दरबारी स्तुतीही नाही. तिच्या दृष्टीला समोर बसलेले मूल मूल म्हणून दिसत होते, आणि चित्रातही ते तसे उतरले. राजसत्तेला त्या क्षणी नेमके हेच हवे होते, हा या चित्रामागील योग म्हणावा लागेल.

३. १७४८ : चिलखत आणि त्वचा

अठ्ठावीस वर्षांनी परिस्थिती पालटली होती. वारसाची चिंता मिटली होती. १७४४ मध्ये मेत्स येथे राजा मरणोन्मुख आजारातून उठला तेव्हा लोकांनी त्याला ‘प्रियतम’ हे बिरुद दिले होते. पुढच्या वर्षी फाँतन्वाच्या रणांगणावर तो स्वतः उपस्थित होता. परंतु १७४८ मध्ये ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाचा शेवट होताना फ्रान्सने जिंकलेला नेदरलँड्सचा मुलूख परत देण्याचे ठरले. रक्त सांडून काही पदरात पडले नाही अशी भावना पसरू लागली, आणि बिरुदाचा रंग उतरू लागला. अशा वर्षी पॅरिसच्या ‘सालोन’ या सार्वजनिक प्रदर्शनात ला तूरने राजाचे आणि राणी मारी लेश्चिन्स्का हिचे पेस्टल चित्र मांडले.

ला तूरने प्रदर्शनांतून पेस्टलची प्रतिष्ठा वाढवीत नेली होती आणि १७४६ मध्ये तो अकादमीचा पूर्ण सदस्य झाला होता. त्याची पद्धत कारिएराहून वेगळी होती. तो व्यक्तीसमोर बसून प्रथम केवळ डोक्याचा अभ्यास करी. अशी अनेक डोकी त्याच्या जन्मगावी, सँ-काँतँ येथील संग्रहालयात जतन केलेली आहेत. त्यांत खांदे नाहीत, पोशाख नाही. कागदावर जणू नुसते मुखवटे तरंगत असतात. कारिएराच्या चित्रात छटा एकमेकींत विरघळतात. ला तूरच्या चित्रात वरच्या थरातील रेघा उघड्या राहतात. जवळून पाहता गालावर गुलाबी, करड्या, हिरवट रेघांचे जाळे दिसते, आणि चार पावले मागे सरताच त्याचा चेहरा बनतो.

१७४८ चे राजचित्र सुमारे ६० सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे बालराजाच्या चित्रापेक्षा फार मोठे नाही. पण त्यात राजाच्या अंगावर पोलादी चिलखत आहे, निळा पट्टा आहे, आणि खांद्यावर पांढऱ्या फरचे अस्तर असलेला राजकीय झगा आहे. म्हणजे १७२० मध्ये गाळलेल्या राजचिन्हांपैकी काही येथे परत आली आहेत. परंतु त्यांचे स्थान पालटले आहे. चिलखताची थंड चकाकी पेस्टलसारख्या चकाकीविरोधी माध्यमात उभी करणे हे चित्रकाराचे कौशल्य खरे. तरीही त्या थंडपणाचे कार्य शेजारच्या त्वचेची ऊब वाढविणे हेच आहे. धातू आणि त्वचा यांचा हा संवाद चित्राच्या केंद्रस्थानी आहे. युद्धनेता म्हणून राजाची बाजू लंगडी पडत असताना चित्र प्रेक्षकाला सांगते की, या चिलखतात एक माणूस आहे, आणि तो जवळून पाहण्याजोगा आहे.

येथे ‘प्रेक्षक’ या शब्दाचा अर्थही बदललेला आहे. बालराजाचे चित्र दरबाराच्या आणि संग्राहकांच्या वर्तुळात फिरणारे होते. सालोनमध्ये मात्र नागरिक, कारागीर, टीकाकार अशी मिश्र गर्दी लोटे. ज्या चेहऱ्याजवळ जाण्याचा अधिकार दरबारात दर्जानुसार मोजून दिला जाई, तो चेहरा आता कोणालाही हातभर अंतरावरून निरखता येत होता. जवळीक हे पेस्टलचे बळ होते. पण ज्याला जवळून पाहिले त्याची माणसांच्याच मापाने पारख होऊ लागते. पेस्टलमुळे राजाची प्रतिष्ठा घसरली असे म्हणणे अर्थातच भाबडेपणाचे ठरेल. त्या घसरणीची कारणे राज्याच्या तिजोरीत, करपद्धतीत आणि युद्धांत आहेत. इतकेच म्हणता येईल की, राजाला पदापेक्षा व्यक्ती म्हणून पाहण्याची जी दृष्टी अठराव्या शतकात बळावली, तिचे एक शिक्षण दरबारानेच मागविलेल्या या चित्रांनी दिले.

४. काच आणि स्थिरीकरणाचा प्रश्न

पेस्टल चित्राला काच हवीच. म्हणून चित्राचा आकार बराच काळ काचेच्या आकाराने ठरत असे. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस सँ-गोबँ येथे ओतीव काचेचे मोठे तक्ते तयार होऊ लागले, आणि पेस्टलच्या वाढत्या महत्त्वाकांक्षेमागे या उद्योगाचाही हात आहे. ला तूरने १७५५ च्या सालोनमध्ये मांडलेले मादाम द पाँपादूर हिचे चित्र सुमारे पावणेदोन मीटर उंच आहे. ते अनेक कागद जोडून केलेले असून डोक्याचा भाग वेगळ्या कागदावर काढून बसविलेला आहे. तेवढ्या आकाराची निर्दोष काच हीच त्या काळी एक मोठी चैन होती.

काच भुकटीचे रक्षण करते, तिला कागदाशी बांधीत नाही. ती बांधण्याचे प्रयत्न त्याच काळात सुरू झाले. आंत्वान-जोसेफ लोरिओ याने १७५३ मध्ये आपली स्थिरीकरणाची युक्ती अकादमीपुढे मांडली. ला तूर स्वतःही या शोधाच्या मागे होता. परंतु येथे एक मूलभूत अडचण आहे. रंगकणांना धरून ठेवणारे कोणतेही द्रावण त्यांच्यामधील हवेची जागा घेते. प्रकाशाचे विखुरणे कमी होते, रंग गडद होतात आणि मखमली तेज मावळते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, राजाच्या गालावरचा जिवंतपणा ज्या सुटेपणामुळे आला, तो सुटेपणा काढून घेतला की जिवंतपणाही जातो. चित्र टिकवावे तर त्याचा अर्थ क्षीण होतो. अर्थ राखावा तर चित्र कायम धोक्यात राहते.

५. जतन आणि अभ्यास

हा धोका काल्पनिक नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या सँ-काँतँमधील ला तूरची चित्रे १९१७ मध्ये मोबझ येथे हलवावी लागली. युद्धानंतर ती परतली. ड्रेस्डेनमधील कारिएराच्या चित्रांपैकी काही पुढील काळात विकली गेली, काही दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. आज तेथे सत्तरीहून अधिक चित्रे आहेत, आणि तरीही तिच्या पेस्टल चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह तोच आहे. आजही संग्रहालये पेस्टल चित्रे परगावी पाठविण्यास सहसा तयार नसतात, कारण वाहनाच्या हादऱ्यांनी कण गळतात. त्यांवरील प्रकाश सामान्यतः ५० लक्सच्या आसपास ठेवतात, कारण कागद व काही रंग प्रकाशाने फिके पडतात. काचेऐवजी साधा प्लास्टिकचा तक्ता लावणे टाळतात, कारण त्यावर निर्माण होणारी स्थिर विद्युत् भुकटीला ओढून घेते.

कलेतिहासाच्या विद्यार्थ्याला यावरून पद्धतीविषयी एक गोष्ट शिकावयास मिळते. पेस्टलची छापील प्रतिकृती इतर चित्रांच्या प्रतिकृतीपेक्षा अधिक फसवी असते. तीत आकृती, रंग आणि रचना येतात, पण पृष्ठभाग येत नाही. आणि वरील विवेचनावरून स्पष्ट होते की या चित्रांत युक्तिवाद पृष्ठभागावरच केलेला आहे. केवळ प्रतिकृतीवरून पाहणाऱ्याला बालराजाचे चित्र एका गोंडस मुलाचे चित्र वाटते, आणि मग पेस्टल म्हणजे लाडिक कला हा जुना अभिप्राय आपोआप दृढ होतो. म्हणून चित्राच्या साधनसामग्रीची माहिती, त्या वर्षाचा राजकीय इतिहास आणि शीर्षकाची शहानिशा या तिन्ही गोष्टी एकत्र घेतल्याखेरीज दरबारी पेस्टलविषयी निर्णय देऊ नये.

पंधरावा लुई १० मे १७७४ रोजी देवीच्या रोगाने मरण पावला. ज्या रोगाने त्याच्या आजोबाला नेले, त्यानेच त्याची त्वचा विद्रूप केली, आणि संसर्गाच्या भीतीने त्याचा देह घाईने सँ-दनीच्या राजसमाधिस्थानी नेण्यात आला. त्याच्या निरोगी कांतीची दोन प्रमाणे मात्र आजही शिल्लक आहेत: एक ड्रेस्डेनला, एक पॅरिसला. दोन्ही ठिकाणी ती काचेमागे, मंद प्रकाशात, न बांधलेल्या भुकटीच्या रूपात आहेत.